मेंढ्यांचा जहागीरदार : सर जॉन सिंक्लेअर

'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द आपल्यापैकी अर्थशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाला भेटतो आणि पुष्कळांना घाबरवून सोडतो. जर्मन भाषेतला हा शब्द इंग्रजीत रूढ करणारा माणूस गणिती नव्हता. तो स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचा एक जहागीरदार होता, आणि त्याच्या डोक्यात आयुष्यभर आकड्यांइतक्याच मेंढ्या घोळत होत्या. थंड, वादळी, खडकाळ डोंगरावर अधिक लोकर आणि अधिक मांस देणारी मेंढी कशी टिकवावी, हा प्रश्न त्याने मोठ्या हट्टाने हाती घेतला व सोडवूनही दाखवला. या लेखात त्याच्या चरित्राचा विचार करावयाचा तो मुख्यतः या मेंढ्यांच्या अंगाने. बाकी त्याचे कर्तृत्व इतके पसरलेले आहे की ते सारे सांगू लागलो तर संपादकांना अंकाची पाने वाढवावी लागतील.

जॉन सिंक्लेअरचा जन्म १० मे १७५४ रोजी केथनेस परगण्यातील थर्सो येथील गढीत झाला. नकाशात ब्रिटनचे सर्वांत वरचे टोक पाहावे, तेथे हा परगणा आहे. पुढे समुद्र आणि ऑर्क्नीची बेटे. वडील जॉर्ज सिंक्लेअर १७७० साली वारले तेव्हा हा मुलगा सोळा वर्षांचा होता. एवढ्या वयात हजारो एकरांची जहागीर त्याच्या नावावर आली. एडिंबरो, ग्लासगो आणि ऑक्सफर्ड अशा तीन विद्यापीठांत त्याचे शिक्षण झाले. पण जहागिरीवरचे त्याचे लक्ष कधी उडाले नाही.

त्याच्या तरुणपणाची एक गोष्ट त्या भागात फार प्रसिद्ध आहे. बेन चील्ट नावाच्या डोंगरावरून रस्ता नेणे अशक्य आहे असे जाणती माणसे म्हणत. अठरा वर्षांच्या सिंक्लेअरने स्वतः फिरून रस्त्याची आखणी केली, बाराशे साठ माणसे गोळा केली, प्रत्येक टोळीच्या जागी हत्यारे आणि शिधा आधीच पोचवून ठेवला, आणि पहाटे काम सुरू करून एका दिवसात सुमारे सहा मैलांचा रस्ता गाडी जाईल असा करून घेतला. चरित्रकारांनी ही गोष्ट कौतुकाने सांगितली आहे, आणि कौतुक वाटावे अशी ती आहेच. मला मात्र त्यात त्याचा सारा स्वभाव दिसतो. आखणी उत्तम, उद्देश चांगला, काम झपाट्याचे. त्या बाराशे साठ माणसांना त्या दिवशी घरी दुसरे काही काम होते की काय, हा प्रश्न मात्र त्या गोष्टीत कोठे येत नाही.

आता तो मुलूख कसा होता ते पाहिले पाहिजे, कारण त्यावाचून मेंढीचे महत्त्व कळणार नाही. उत्तर स्कॉटलंडचा डोंगराळ भाग उंचीने आपल्या सह्याद्रीएवढाच, पण हवा अगदी निराळी. हिवाळ्यात दिवस सहा-सात तासांचा. वर्षभर वारा आणि भिज पाऊस. जमीन आम्लधर्मी व पाणथळ, तीवर झुडुपी हेदर आणि राठ गवत. माणसे वस्ती करून राहत ती खोऱ्यांच्या तळाशी, ओढ्याकाठच्या चार चांगल्या तुकड्यांवर. तेथे ओट, जव आणि पुढे बटाटा पिके. खरे धन म्हणजे काळी, लहान चणीची गुरे. उन्हाळ्यात बायका-मुले गुरे घेऊन वरच्या कुरणांवर जात, तेथे दगड-मातीच्या खोपटांत राहून लोणी-चीज करीत आणि थंडी येण्याआधी खाली उतरत. गुरे विकून जमीनदाराचा खंड भरायचा. मेंढ्या होत्या, पण थोड्या आणि अगदी लहान. त्यांची लोकर मऊ असे, परंतु अंगावर निघे मूठभर. रात्री त्यांना घराच्या आडोशाला घ्यावे लागे.

पीक बुडाले की या भागात उपासमार ठरलेली. १७८२-८३ साली तशी आपत्ती आली. सिंक्लेअर १७८० पासून केथनेसतर्फे पार्लमेंटमध्ये होता. त्याने खटपट करून उत्तरेकडील लोकांच्या साहाय्यासाठी पंधरा हजार पौंड मंजूर करून घेतले. ही मदत किती दिवस पुरणार, हे त्यालाही दिसत होते. या डोंगराने पैसा दिला पाहिजे, आणि तो फक्त लोकर देईल, असे त्याच्या मनाने घेतले ते बहुधा याच सुमारास. १७८६ मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली आणि तो 'सर जॉन' झाला.

पुढचे काम शास्त्राचे. इंग्लंडच्या मध्य भागात डिशली येथे रॉबर्ट बेकवेल (१७२५-१७९५) या शेतकऱ्याने पशुपैदाशीत क्रांती केली होती. पूर्वी एडके आणि मेंढ्या एकाच कळपात वर्षभर फिरत, कोण कोणाचे कोकरू हे कळायला मार्ग नसे. बेकवेलने नर-माद्या वेगळ्या केल्या, हवा तो गुण असलेला एडका निवडला, जवळच्या नात्यातसुद्धा जोड्या लावून तो गुण पक्का केला आणि असे एडके हंगामापुरते भाड्याने देऊन पैसा कमावला. त्याची लीस्टर मेंढी लवकर वाढे व भरपूर मांस देई. पण ती सखल, गवताळ रानाची लाडकी लेक. उत्तरेच्या वादळात ती कशी टिकणार? तेथे निवडीचा पहिला निकष अंगावरचे मांस हा असू शकत नाही. मार्च महिन्यात बर्फ उकरून खाणारी, विल्यानंतर पावसात कोकरू सोडून न पळणारी, आपला डोंगर ओळखून त्याच्याबाहेर न जाणारी मेंढी हवी. काळ्या तोंडाची डोंगरी मेंढी एवढे सारे करी, पण तिची लोकर जाडीभरडी. तिला भाव कमी.

सिंक्लेअरची नजर गेली ती इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या चेव्हियट टेकड्यांकडे. तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पांढऱ्या तोंडाची, बिनशिंगी, अंगाने भरलेली आणि बऱ्यापैकी बारीक लोकर देणारी मेंढी तयार केली होती. तिला 'चेव्हियट' हे नाव सिंक्लेअरनेच रूढ केले. लोकर सुधारण्यासाठी त्याने १७९१ च्या जानेवारीत एडिंबरो येथे 'ब्रिटिश वूल सोसायटी' स्थापन केली आणि त्याच वर्षी १ जुलैला क्वीन्सफेरीजवळ न्यूहॉल्स येथे लोकर-कातरणीचा सोहळा भरवला. उमराव मंडळींनी धनगरांच्या कामाची अशी जत्रा भरवावी, हे त्या काळी नवलच होते.

नंतर खरी कसोटी आली. केथनेसच्या दक्षिण टोकाला लँगवेल नावाची जमीन त्याने विकत घेतली होती. उंच डोंगर, अरुंद खोरी आणि थेट समुद्रात उतरणारे कडे. तेथे त्याने सुमारे पाचशे चेव्हियट मेंढ्या आणवल्या. एवढ्या उत्तरेला ही मेंढी जगणार नाही अशी जाणत्यांची खात्री होती. ती जगली. तिने तेथल्या हिवाळ्यात तग धरला, कोकरे वाढवली, आणि तिच्या लोकरीला स्थानिक लोकरीपेक्षा चांगला भाव आला. काही वर्षांत उत्तरेच्या परगण्यांतून चेव्हियटचे कळप दिसू लागले. आज 'नॉर्थ कंट्री चेव्हियट' म्हणून जी जात ओळखली जाते तिचे मूळ या आणलेल्या मेंढ्यांत आहे.

पण या यशात एक मेख होती, आणि माझ्या मते सिंक्लेअरच्या चरित्राचा गाभा तीच आहे. चेव्हियट ही काळतोंड्या मेंढीपेक्षा नाजूक खाणारी. उन्हाळ्यात ती वर डोंगरावर चरेल, पण हिवाळ्यात आणि विण्याच्या वेळी तिला खालची आडोशाची, हिरवळीची जमीन लागते. ही जमीन नसेल तर कळप मरतो, आणि असेल तर डोंगरसुद्धा सोने देतो. आणि खाली कोण राहत होते? ओट पेरणारी कुळे. म्हणजे चांगल्या वाणाची मेंढी आली की तिला हिवाळ्यासाठी नेमकी तीच जागा हवी, जेथे माणसांची घरे होती. वरची उन्हाळी कुरणे तर तिला हवीच होती. एक मोठा मेंढपाळ सगळे खोरे खंडाने घेई आणि सगळ्या कुळांनी मिळून दिला नसता एवढा खंड एकटा देई. जमीनदाराने कोणाकडे पाहावे?

आपल्या दख्खनच्या पठारावरही हाच प्रश्न होता, आणि तो येथे वेगळ्या रीतीने सुटला. मुंबई सरकारने १८२४ साली कर्नल साइक्स याला दख्खनचा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमले. हा हुद्दा म्हणजे सिंक्लेअरच्याच शब्दाची हिंदुस्थानात आलेली पालवी. पुढे १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्राण्यांच्या यादीत साइक्सने आपल्या दख्खनी मेंढीचेही वर्णन केले आहे: आखूड पायांची, फुगीर नाकाची, काळ्या राठ लोकरीची. या लोकरीची फक्त घोंगडी होते. पण ही मेंढी उन्हात चालते, काटेकुटे खाऊन जगते. दुष्काळी पठारावर चारा संपला की धनगर तिला घेऊन घाट उतरतो आणि भातकापणी झालेल्या कोकणातल्या शेतांत वाडा बसवतो. मेंढ्यांना धसकटे आणि बांधावरचा पाला, शेताला लेंडीखत, धनगराला भात. जमीन एकच, पावसात ती शेतकऱ्याची आणि उन्हाळ्यात काही रात्री मेंढ्यांची. उत्तर स्कॉटलंडात तीच जमीन बारा महिने मेंढ्यांची झाली. (आमच्या उलव्यात आता मेंढ्या बसवायला भातशेतेच राहिलेली नाहीत. १९७० पासून नवी मुंबईसाठी जमिनी संपादित होत गेल्या, पुढे उलव्याची टेकडीही विमानतळासाठी सपाट झाली. तेव्हा खालच्या चार चांगल्या तुकड्यांचे मोल आम्हांस कोणी समजावून द्यायला नको.)

सिंक्लेअरला हे दिसत नव्हते काय? दिसत होते, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल एका वाक्यात निकाल देता येत नाही. १७९० साली त्याने आयुष्यातले सर्वांत मोठे काम आरंभले होते. स्कॉटलंडच्या नऊशेंहून अधिक पॅरिशांतील धर्मोपदेशकांना त्याने एकशे साठांवर प्रश्नांची यादी पाठवली. जमीन किती, माणसे किती, मजुरी काय, रोग कोणते, गुरे-मेंढ्या किती, लोक गाव सोडून जातात काय. उत्तरे येईनात तेव्हा पत्रांमागून पत्रे पाठवली, शेवटी माहिती गोळा करायला माणसे धाडली. १७९१ ते १७९९ या काळात त्याचे एकवीस खंड निघाले. जर्मन लोक राज्याच्या बळाची मोजदाद करीत. सिंक्लेअरने आपल्या मोजणीचा हेतू निराळा सांगितला. लोक किती सुखी आहेत आणि ते सुख वाढवायचे कसे, हे त्याला शोधायचे होते. हा विचार मला आजही नवा वाटतो. या खंडांतच कित्येक धर्मोपदेशकांनी लिहून ठेवले आहे की मेंढवाडे आले आणि खोरी ओस पडली. ते त्याने छापले. लपवले नाही.

तरी एक गोष्ट राहून जाते. प्रश्न गेले ते धर्मोपदेशकांना. ते शिकलेले, इंग्रजी लिहिणारे, आणि बहुतेक ठिकाणी जमीनदाराच्या मर्जीने नेमलेले. त्या खोऱ्यांतली कुळे गेलिक बोलत. त्यांना कोणी पत्र पाठवले नाही. ज्या घरात आलेला कागद वाचणारा मी पहिलाच, त्या घरातल्या माणसाला ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही.

१७९५ साली उत्तरेकडील परगण्यांच्या शेतीवर लिहिताना सिंक्लेअरने एक मार्ग सुचवला. कुळांना हाकलू नका. त्यांनीच आपापल्या थोड्या थोड्या मेंढ्या एकत्र कराव्यात, सगळ्यांनी मिळून एक मेंढपाळ ठेवावा, आणि नवी मेंढी हळूहळू येऊ द्यावी. आजच्या भाषेत ही सहकारी संस्थाच म्हणायची. मेंढीबरोबर माणूसही राहील, असा हा विचार होता. पण शब्दांनी जमीनदार वळत नाहीत, आणि खुद्द त्याच्या लँगवेलमध्येही तसे घडले नाही. तेथली आणि शेजारच्या आऊसडेलची कुळे १७९२ पासून हलवली गेली. त्यांतली काही समुद्राच्या कड्यावर बॅडबे या जागी येऊन वसली. जागा इतकी उघडी आणि उताराची की वाऱ्याने कड्यावरून जाऊ नयेत म्हणून गुरे, कोंबड्या आणि लहान मुलेसुद्धा दोरीने बांधून ठेवीत असे सांगतात. जमिनीतले दगड वेचून त्यांनी घरे बांधली आणि पोटासाठी पुरुष हेरिंग मासळीला जाऊ लागले.

हे १७९२ साल गेलिक भाषेत 'मेंढ्यांचे वर्ष' म्हणून ओळखले जाते. केथनेसच्या दक्षिणेस रॉस परगण्यात लोकांनी उठून मेंढवाड्यांतल्या हजारो मेंढ्या गोळा केल्या आणि त्या दक्षिणेकडे हाकत निघाले. त्यांनी माणसाला हात लावला नाही. मेंढ्या परत जाव्यात एवढेच त्यांचे म्हणणे. सरकारने लष्कर पाठवून हे मोडून काढले. पुढे शेजारच्या सदरलँडमध्ये, तेथल्या उमरावीण बाईच्या जमिनीवर, १८०७ ते १८२१ या काळात हजारो माणसांना खोऱ्यांतून काढण्यात आले. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरे जाळली गेली. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. त्या खोऱ्यात त्याने स्वतःचे मेंढवाडे केले, आणि मेंढ्या चेव्हियट. सदरलँडच्या या कृत्यात सिंक्लेअरचा हात नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण एवढ्या उत्तरेला ती मेंढी जगते हे सिद्ध करून दाखवणारा तोच होता.

याच १७९२ साली आणखी एक गोष्ट घडली. कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. सुंदरबनच्या दलदलीतली ही गारोल मेंढी अगदी चिमुकली, पण एका वेताला दोन-तीन कोकरे देणारी. तिचा हा गुण ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनो मेंढीत उतरला असे जनुकांच्या तपासणीतून पुढे दिसून आले. आपल्याकडे दख्खनी मेंढीवर मेरिनो आणि राम्बुये यांचे संकर सरकारी फार्मांवर होऊन गेले होते. लोकर सुधारे, पण उन्हातान्हात मैलोगणती चालणे त्या संकरांना जमेना, म्हणून धनगरांनी त्यांना फारसे जवळ केले नाही. फलटणचे बनबिहारी निंबकर यांनी १९९० च्या दशकात गारोलचा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम सुरू केले, आणि त्यातून 'सुवर्णा' मेंढी निघाली. या मेंढ्यांची पारख धनगरांच्या फिरत्या कळपांतही झाली. एरवी बहुधा एकच कोकरू देणारी मेंढी जुळी देऊ लागली, आणि जमीन कोणाचीच गेली नाही. वाण सुधारताना तो कोणाच्या हातात राहणार हे आधी ठरवले तर काय होते, याचा हा जवळचा दाखला आहे. सिंक्लेअरच्या सहकारी कळपाचे जे झाले नाही ते येथे थोडेफार झाले, असे मी म्हणेन.

सिंक्लेअरच्या उरलेल्या आयुष्याबद्दल थोडक्यात. १७९३ साली सरकारने शेतकी मंडळ स्थापन केले, त्याचा तो पहिला अध्यक्ष. आर्थर यंग हा नामांकित शेतीतज्ज्ञ चिटणीस. प्रत्येक परगण्याच्या शेतीचे अहवाल या मंडळाने काढले. अमेरिकेच्या वॉशिंग्टनशी त्याचा शेतीविषयी पत्रव्यवहार होता. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर त्याने आपल्या भागातून पलटण उभारली. दोन विवाहांतून पंधरा मुले झाली. त्यांतली कॅथरीन पुढे लेखिका म्हणून प्रसिद्धीस आली. इतक्या उद्योगांत पैसा मात्र हाती राहिला नाही. १८११ मध्ये पार्लमेंट सोडून त्याने जकातखात्यातील नोकरी पत्करली, आणि थोड्याच वर्षांत लँगवेलची जमीन विकावी लागली. ज्या जमिनीवर मेंढी जगवून दाखवली, ती दुसऱ्याच्या हाती गेली. २१ डिसेंबर १८३५ रोजी एडिंबरो येथे, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले. होलीरूड येथे त्याला पुरले आहे.

लोकरीचे भावही फार काळ टिकले नाहीत. ऑस्ट्रेलियाची लोकर जहाजे भरभरून येऊ लागली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक मेंढवाडे मोडून तेथे श्रीमंतांच्या शिकारीसाठी हरणांची राने झाली. कुळे मात्र परत आली नाहीत. बॅडबेची माणसे हळूहळू पांगली. कोणी केथनेसच्या इतर गावांत, कोणी समुद्रापार. शेवटचा रहिवासी १९११ साली तेथून निघून गेला. आता कड्यावर पडक्या भिंती आहेत, आणि त्याच वर्षी उभारलेला एक दगडी स्तंभ. न्यूझीलंडला गेलेल्या एका बॅडबेकराच्या मुलाने तो उभारला, आणि तेथे राहिलेल्या माणसांची नावे त्यावर कोरली.